घोषणांचे धनी

मुंबई उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती दालनापाशी एक स्मृतिशिला आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री, ज्युरीने ७ विरुद्ध २ अशा मतांनी दोषी ठरविल्यानंतर, काही सांगावयाचे आहे काय या औपचारिक प्रश्नाला लोकमान्य टिळकांनी जे उत्तर दिले, ते तिच्यावर कोरलेले आहे. ज्युरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्याचे नियमन करणाऱ्या शक्ती याहून श्रेष्ठ आहेत. आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपण सोसण्यानेच आपले कार्य अधिक फोफावावे अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, असा त्या उत्तराचा आशय. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या शिलेचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच शिक्षा झालेल्याचे शब्द आपल्या भिंतीवर मानाने बसवून घ्यावेत, असे प्रसंग इतिहासात वारंवार येत नाहीत.

परंतु या शिलेसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या खटल्यात टिळक ज्युरीपुढे २१ तासांहून अधिक वेळ बोलले. ‘केसरी’तील लेखांची भाषांतरे कशी विपर्यस्त आहेत, कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द लावला म्हणजे अर्थ कसा बदलतो, राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती किती, इंग्लंडात वृत्तपत्रस्वातंत्र्याची परंपरा काय, याचे ते विवेचन आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचीत नाही. २१ तासांतून उरले ते अर्धे-पाऊण मिनिट. निवडणाराने निवड उत्तम केली यात शंका नाही. मात्र निवड म्हटली की तिच्या पाठोपाठ वगळणे आलेच. टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस काम बंद ठेवले. रस्त्यावर सैन्य आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या मजुरांपैकी कोणी काय उद्गार काढले हे कोणी टिपून घेतले नाही, आणि त्यामुळे शिलेवर कोरावे असे त्यांचे काही शिल्लक राहिले नाही.

स्मरणीय वचने निवडण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. निर्णयसागर छापखान्याने काढलेले ‘सुभाषितरत्नभाण्डागार’ काशिनाथ पांडुरंग परब यांनी सिद्ध केले, ते पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांच्या आणि व्याख्यात्यांच्या हाती राहिले. तसल्या संग्रहात श्लोक कोणाचा याला फारसे महत्त्व नसते. श्लोक समाजाच्या मालकीचा झाला, कर्ता काळाच्या उदरात गेला, आणि त्याची खंत कोणी केली नाही. उलट मराठी संतांनी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घातली. तरीही एकाचे अभंग दुसऱ्याच्या गाथेत शिरलेच, आणि ते बहुधा धाकट्याकडून थोरल्याच्या गाथेत शिरले. वचनांचा हा स्वभावच आहे. उतारावरचे पाणी जसे मोठ्या पात्राकडे धावते तसे चांगले वाक्य मोठ्या नावाकडे धावते.

नीतिवचनाच्या बाबतीत हे चालून जाते. राजकीय घोषणेच्या बाबतीत ते चालू नये, कारण घोषणा ही नुसते वाक्य नसते, ती कृती असते. तिला तारीख असते, जागा असते, आणि परकी सत्ता असताना तिला बहुधा दंडसंहितेचे एखादे कलमही चिकटलेले असते. ती प्रथम ज्याने उच्चारली किंवा जुळवली त्याने काही किंमत मोजलेली असते. कर्त्याचे नाव गळाले म्हणजे ही किंमतही हिशेबातून गळते. भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील ज्या चार-पाच घोषणा आज शाळकरी मुलालाही पाठ आहेत, त्यांच्या जन्मकथा या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत.

पहिली अर्थातच स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची. हे वाक्य टिळकांचे, याविषयी महाराष्ट्रात कोणी वाद घालू धजणार नाही. तथापि, त्यातील मूळ कल्पना आणि शब्दयोजना टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांची, असे श्रेय परंपरेने दिले जाते. हे बॅप्टिस्टा म्हणजे मुंबईच्या माझगावातील माथारपाखाडीचे. १८६४ साली जन्मलेले, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून त्यांनी काही काळ सरकारी वनखात्यात नोकरी केली, नंतर केंब्रिजला जाऊन पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन ते परतले. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. विनायक दामोदर सावरकरांवरील खटल्यात बचावाच्या वकिलांमध्ये ते होते. १९१५ साली पुण्यास भरलेल्या मुंबई प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांकडे दिले. पुण्यामुंबईच्या ब्राह्मणी वर्तुळाचे पुढारी म्हणून ज्यांना हिणवले जाई त्या टिळकांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष माझगावचा ख्रिस्ती बॅरिस्टर होता, ही गोष्ट आज किती जणांना ठाऊक असते?

आता या वाक्याची घडण पाहू. ‘स्वराज्य’ हा शब्द मराठी मनाला शिवकालापासून परिचित; दादाभाई नौरोजींनी १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून तो उच्चारला आणि तो अखिल हिंदुस्थानचा झाला. ‘जन्मसिद्ध हक्क’ ही कल्पना मात्र आपल्या जुन्या राजनीतिशास्त्रातली नव्हे. आपल्याकडे धर्म होता, कर्तव्य होते, वतन होते. जन्मासोबत येणारा राजकीय हक्क ही सतराव्या शतकातील इंग्रज प्रजापक्षाची भाषा. जॉन लिलबर्नने १६४५ साली हाच शब्द आपल्या पत्रकाच्या मथळ्यात घातला होता. इंग्लंडात राज्यशास्त्र आणि कायदा शिकलेल्या, आयर्लंडची होमरूल चळवळ जवळून अभ्यासलेल्या बॅरिस्टराच्या ओठी हा शब्द येणे अगदी स्वाभाविक होते. म्हणजे वाक्याचा पूर्वार्ध जर बॅप्टिस्टांनी सुचविला असेल, तर त्यात काही नवल नाही. उत्तरार्धातील ‘तो मी मिळविणारच’ ही जिद्द मात्र पुरती मराठी आहे आणि ती टिळकांचीच वाटते. शेवटच्या ‘च’मध्ये मंडालेची ६ वर्षे आहेत.

टिळकांचे श्रेय यामुळे उणे होत नाही. १९१६ सालच्या अहमदनगर व बेळगाव येथील भाषणांबद्दल सरकारने त्यांच्याकडून २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. हा हुकूम साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांच्या हाती पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयात त्यांची बाजू मांडणारे बॅरिस्टर महंमद अली जीना होते. घोषणा लोकांत उतरविण्याची जोखीम टिळकांनी पत्करली आणि म्हणून ती त्यांची झाली, हे न्याय्यच आहे. परंतु ज्याने ती घडविण्यास हात लावला त्याचे नाव पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेतही असू नये, हे न्याय्य नव्हे. टिळकांच्या निधनानंतर बॅप्टिस्टा कामगारांच्या कामात अधिकाधिक गुंतले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. पुढल्या वर्षी झरियाच्या कोळसाक्षेत्रात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. याच पदाला पुढे महापौर म्हणू लागले. १९३० च्या सप्टेंबरात ते वारले. माझगावच्या टेकडीवर, पाण्याच्या मोठ्या टाकीवर वसविलेल्या बागेला आज त्यांचे नाव आहे. तेथे सायंकाळी फिरावयास येणारांपैकी कितीकांना ते नाव आणि ते वाक्य यांचा संबंध जोडता येत असेल, कोण जाणे.

‘इन्किलाब जिंदाबाद’ या घोषणेची कथा याहून वेगळी, आणि तिचा मूळ धनी याहून अधिक विक्षिप्त. मौलाना हसरत मोहानी हे उन्नाव जिल्ह्यातील मोहान गावचे. मूळ नाव सय्यद फजलुल हसन. अलीगढला शिकून त्यांनी तेथूनच ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक चालविले. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा हा तरुण टिळकांच्या बाजूने बाहेर पडला आणि जन्मभर टिळकांना आपले राजकीय गुरू मानीत राहिला. १९०८ साली, म्हणजे ज्या वर्षी टिळकांना शिक्षा झाली त्याच वर्षी, मिसरमधील ब्रिटिश धोरणावर टीका करणाऱ्या एका निनावी लेखाबद्दल मोहानींवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख कोणाचा हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. सक्तमजुरीत त्यांच्या वाट्याला जाते दळण्याचे काम आले. दंडाच्या वसुलीत त्यांची ग्रंथसंपदा कवडीमोलाने गेली. पुढे कधी ते तुरुंगात असताना घर आणि छपाई सांभाळून पत्नी निशातुन्निसा बेगम यांनी राजकारणाचा धागा तुटू दिला नाही. उत्तर हिंदुस्थानातील घरंदाज मुस्लिम स्त्रीने त्या काळी पडद्याबाहेर येऊन सभांत वावरावे, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचे एकही वाक्य कोणत्या संग्रहात नाही.

‘इन्किलाब जिंदाबाद’ हे शब्द मोहानींनी १९२१ च्या सुमारास रूढ केले असे मानले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदाबादच्या काँग्रेसमध्ये त्यांनी ठराव आणला की, स्वराज्य म्हणजे सर्व परकीय नियंत्रणापासून मुक्त असे पूर्ण स्वातंत्र्य, अशी स्पष्ट व्याख्या व्हावी. गांधीजींनी विरोध केला आणि ठराव फेटाळला गेला. तेथेच झालेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणाबद्दल मोहानी पुन्हा तुरुंगात गेले. जो ठराव १९२१ मध्ये अविचारी ठरला, तो १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने स्वीकारला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर त्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. आठ वर्षे आधी बरोबर असणे हा राजकारणात जवळजवळ गुन्हाच मानला जातो. त्याची शिक्षा विस्मृती ही असते.

एक गंमत अशी की, मोहानींचे नाव अगदीच विसरले गेले असे नाही. त्यांची एक प्रेमगझल गुलाम अली यांनी गाइली, १९८२ सालच्या ‘निकाह’ या चित्रपटातून ती घराघरांत पोचली, आणि आज त्यांचे नाव ज्यांना ठाऊक असते त्यांना ते त्या गझलेमुळे असते. कृष्णभक्तीने मथुरेस जाणारा, अनेकदा हजची यात्रा केलेला, १९२५ च्या कानपूरच्या पहिल्या साम्यवादी परिषदेचा स्वागताध्यक्ष, घटनासमितीचा सदस्य, फाळणीस विरोध करून भारतातच राहिलेला आणि १९५१ साली लखनौस निवर्तलेला हा माणूस कोणत्याच पक्षाच्या चौकटीत मावत नाही. ज्याला एकाही पक्षाने आपला म्हणावे असे वाटले नाही, त्याची जयंती साजरी कोण करणार?

घोषणा मात्र चालत राहिली. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी हेच शब्द गर्जिले, आणि त्या क्षणापासून ती भगतसिंगांची झाली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी या घोषणेवर टीका केली तेव्हा भगतसिंगांनी उत्तर लिहिले: ‘जिंदाबाद’ याचा अर्थ सशस्त्र झगडा निरंतर चालावा असा नसून, समाज गोठू न देणारी परिवर्तनाची वृत्ती जिवंत राहावी असा आहे. घोषणेचे असे शांत, तर्कशुद्ध भाष्य स्वतः घोषणा देणाऱ्याने केल्याचे उदाहरण विरळा. वचनसंग्रह करणारांनी घोषणेच्या शेजारी हे भाष्यही छापावयास हवे, कारण त्यावाचून तिचा अर्थ वाटेल तिकडे ओढता येतो.

आणि बटुकेश्वर दत्त? त्या दिवशी त्या सभागृहात आवाज दोन होते. भगतसिंगांना २३ मार्च १९३१ रोजी लाहोरास फाशी झाली. दत्तांच्या वाट्याला जन्मठेप, अंदमान आणि दीर्घ उपोषणे आली. सुटल्यावर ते १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर पाटण्यास त्यांनी ओढगस्तीत दिवस काढले आणि २० जुलै १९६५ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे हुसैनीवाला येथे, भगतसिंगांच्या समाधीशेजारी, त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. फासावर गेलेला हुतात्मा एकदाच मरतो आणि तरुणच राहतो. जगलेल्याला मात्र नोकरी शोधावी लागते. लोकस्मृती पहिल्याचे चित्र भिंतीवर लावते. दुसऱ्याचे काय करावे हे तिला कळत नाही.

तिसरी घोषणा खुद्द निवडीचीच गोष्ट सांगते. युसुफ मेहेरअली हे १९०३ साली मुंबईच्या एका सधन घराण्यात जन्मले. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन आयोगाने मुंबईच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले तेव्हा मेहेरअली आणि त्यांची युवक मंडळी निदर्शनास हजर होती. ‘सायमन, परत जा’ ही घोषणा त्यांचीच, असे त्यांचे सहकारी सांगत आले. कायद्याची पदवी असूनही त्यांच्या राजकारणामुळे त्यांना वकिलीची परवानगी नाकारण्यात आली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे ते एक संस्थापक. १९४२ साली, तुरुंगात असतानाच, ते मुंबईचे महापौर निवडले गेले. बॅप्टिस्टा आणि मेहेरअली, दोघेही घोषणा घडविणारे आणि दोघेही एकाच महापालिकेचे प्रमुख, हा योगायोग मुंबईकरांनी अभिमानाने सांगावा असा आहे.

१९४२ च्या लढ्यासाठी घोषणा कशी ठरली, याची आठवण शांतिकुमार मोरारजी यांनी नोंदविली आहे. मुंबईत गांधीजी सहकाऱ्यांशी चर्चा करीत होते. कोणी ‘गेट आउट’ असे सुचविले. ते असभ्य म्हणून गांधीजींनी नाकारले. राजगोपालाचारींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ हे शब्द पुढे केले. तेही मनास आले नाहीत. मग मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले, त्यावर ‘क्विट इंडिया’ अशी अक्षरे होती. गांधीजी उद्गारले, ‘आमेन!’ आणि घोषणा ठरली. आठवणी नेहमीच थोड्या नीटनेटक्या होतात हे येथेही ध्यानात ठेवावे. राजाजी त्या लढ्याच्या विरुद्ध होते आणि त्या जुलैतच काँग्रेसमधून बाहेर पडले होते, तेव्हा हा सल्लामसलतीचा प्रसंग नेमका कधीचा, हा प्रश्न उरतोच. पण आठवणीचा गाभा टिकाऊ आहे. ‘क्विट इंडिया’ नावाची पुस्तिका मेहेरअलींनी लढ्याच्या तोंडावर प्रसिद्ध केली आणि त्या शब्दांचे बिल्ले करून वाटले. म्हणजे शब्द सुचविण्यापुरते त्यांचे काम नव्हते. तो छापून, छातीवर लावून लोकांत नेण्याचीही व्यवस्था त्यांनी केली.

येथे एक गमतीदार गोष्ट घडली आहे, आणि मराठी माणसाच्या ती सहसा लक्षात येत नाही. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर संमत झालेल्या ठरावात ‘क्विट इंडिया’ हे शब्दच नाहीत; ठरावाची भाषा ब्रिटिश सत्तेने ‘विथड्रॉ’ व्हावे अशी, म्हणजे राजाजींच्या तोंडी घातलेल्या नापसंत शब्दाचीच आहे. ठरावाला कायदेशीर सौम्यता लागते, मोर्चाला दोन अक्षरांचा घाव लागतो. आणि मराठीत येताच त्या घोषणेचे झाले ‘चले जाव’. हा मराठी वळणाचा हिंदी शब्दप्रयोग ‘क्विट’पेक्षा, गांधीजींनी असभ्य म्हणून बाजूस सारलेल्या ‘गेट आउट’लाच अधिक जवळचा आहे! महाराष्ट्राच्या रांगड्या जिभेने आपल्याला हवा तो शब्द घेतला. सातारा-सांगलीच्या पत्री सरकारच्या रानात तोच शोभला असता हे खरे. परंतु या भाषांतरात मेहेरअलींची शब्दकळा आणि तिच्यामागची ती निवड दोन्ही लोपली. मूळ शब्दच न राहिल्यावर तो घडविणाराचे नाव कोणत्या खुंटीला टांगावे?

मेहेरअली २ जुलै १९५० रोजी गेले, तेव्हा त्यांनी वयाची सत्तेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती. पनवेलजवळ तारा येथे त्यांच्या नावाचे ग्रामीण कार्याचे केंद्र त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे उभे केले. घोषणेपेक्षा ते स्मारक अधिक खरे, कारण तेथे त्यांचे नाव निदान पाटीवर आहे.

‘जय हिंद’विषयी थोडक्यात सांगता येईल. हैदराबादचे आबिद हसन जर्मनीत अभियांत्रिकी शिकत असताना सुभाषबाबूंना मिळाले. वेगवेगळ्या धर्मांचे आणि प्रांतांचे सैनिक एकमेकांना वेगवेगळ्या रीतीने अभिवादन करीत. सर्वांना चालेल असे एक अभिवादन हवे होते, आणि ‘जय हिंद’ हे त्यांनी सुचविले असे सांगतात. केरळी क्रांतिकारक चेंपकरामन पिल्ले यांच्याकडेही या शब्दांचे श्रेय दिले जाते, आणि त्यांचा मृत्यू तर १९३४ चा. तेव्हा एकाच मालकाचा हट्ट येथे धरू नये. १९४३ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुडीतून निघून, हिंदी महासागरात जपानी पाणबुडीत बदली करून, सुभाषबाबू पूर्वेकडे पोचले; त्या प्रवासात त्यांच्याबरोबर असलेला एकमेव भारतीय सहकारी म्हणजे आबिद हसन. भगव्या रंगाचा मान म्हणून त्यांनी आपल्या नावापुढे ‘सफरानी’ हे उपनाम जोडले. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत होते, डेन्मार्कमध्ये राजदूत झाले, आणि १९८४ साली हैदराबादेत वारले. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले टपालतिकीट निघाले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगा होता आणि नागरीत ‘जय हिंद’.

बॅप्टिस्टा ख्रिस्ती; मोहानी, मेहेरअली आणि आबिद हसन मुसलमान. ही नावे ओळीने मांडली की कोणाला त्यातून एखादा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरावा. या माणसांनी घोषणा आपल्या जमातीच्या वतीने दिल्या नव्हत्या, आणि त्यांना विसरणारांत त्यांच्या जमातीही आहेत. यापेक्षा साधे कारण पुरेसे आहे: ही सारी दुसऱ्या ओळीतली माणसे होती. दुसऱ्या ओळीतल्या माणसाचे काम शब्द हाती देणे. तो शब्द उचलून गर्दीपुढे उभा राहणारा पहिल्या ओळीतला. छायाचित्र निघते ते पहिल्या ओळीचे.

मग वचने निवडणाराने करावे काय? आज शाळांच्या भिंतींवर, कार्यालयांच्या फलकांवर, दिनदर्शिकांच्या पानांवर जी वाक्ये झळकतात त्यांच्याखाली फक्त एक नाव असते, तारीख नसते, ठिकाण नसते. तारीख नसली की वाक्य सुभाषित होते. ते कोणालाही, केव्हाही, कशासाठीही वापरता येते. ‘अमुक यांनी, अमुक साली, अमुक ठिकाणी, त्याबद्दल अमुक शिक्षा’ एवढा तपशील जोडला तर फलकाची एकच ओळ वाढेल, पण संग्रहाचे स्वरूप पालटेल. शंकास्पद श्रेय असेल तेथे ‘परंपरेने’ हा शब्द घालावा. त्याने कोणाचा अपमान होत नाही. आणि दोन नावे असतील तेथे दोन्ही लिहावीत.

हा तपशील मिळतो कोठे, याचे उत्तर थोडे विचित्र आहे. कित्येकदा तो शत्रूच्या दप्तरात मिळतो. १९१६ ची टिळकांची भाषणे शब्दशः उतरवून घेतली ती पोलिसांच्या लघुलेखकांनी, त्यांच्यावर खटला भरता यावा म्हणून. चाहत्याने ऐकले त्यात त्याच्या भक्तीची भर पडली. पोलिसाला भर घालण्यात रस नव्हता, त्याला न्यायालयात टिकेल असा मजकूर हवा होता. परकी सरकारने आपल्या पुढाऱ्यांचे शब्द जपले ते त्यांना तुरुंगात घालण्यासाठी, आणि इतिहासकाराला ते उपयोगी पडतात. सरकारी दप्तराचे इतके उपकार क्वचितच कोणी मानले असतील.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नभोवाणीचे आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, पुढारी तुरुंगात गेल्यावर, मुंबईत काही तरुणांनी ‘काँग्रेस रेडिओ’ नावाचे गुप्त केंद्र सुरू केले. ते ४२.३४ मीटरवरून बोलत असे, आणि आपला पत्ता ‘भारतातील कोठून तरी’ एवढाच सांगत असे. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलविला जाई. देशात कोठे काय घडले, कोठे गोळीबार झाला, कोठे संप झाला, हे वृत्तपत्रांवर बंदी असताना येथून कळे. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते या केंद्राच्या पाठीशी होते. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. या ध्वनिक्षेपणांचा मजकूर आज वाचता येतो तो मुख्यतः पोलिसांनी ऐकून उतरवून घेतला म्हणून. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली.

उषा मेहता पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या वारल्या. त्यांचे नाव राहिले, हे चांगलेच झाले. १९४३ च्या मे महिन्यात विशेष न्यायालयाने जो निकाल दिला त्यात मात्र आणखीही नावे आहेत. नानक मोटवाणी यांच्या ध्वनियंत्रांच्या व्यवसायामुळे त्यांना आरोपी केले होते, ते सुटले. चंद्रकांत झवेरी यांना १ वर्ष, उषा मेहता यांना ४ वर्षे, आणि केंद्राची घडी बसविणारे विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर यांना सर्वांत अधिक, ५ वर्षे सक्तमजुरी.